चार वाक्यांचे टिपण : कोल्हापुरातील एका अभ्यासक्रम-वादाचा प्रकरण अभ्यास

कोल्हापुरातील एका महाविद्यालयाच्या मराठी विभागात एम. ए.च्या विद्यार्थ्यांना आधुनिक समीक्षाविचाराची अभ्यासपत्रिका शिकवली जाते आणि तिच्या शेवटच्या घटकात उत्तर-आधुनिकता, म्हणजे सर्वव्यापी सिद्धान्तांविषयी संशय घेणारा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला विचारप्रवाह, येते. सत्र संपत आले की उरलेल्या मोजक्या तासिकांत हा घटक आटोपावा लागतो, म्हणून विभागात बरीच वर्षे दोन पानांचे एक टिपण चालत आले होते. एका विद्यार्थ्याने परीक्षेच्या तयारीसाठी त्याच्या पहिल्या पानाचे छायाचित्र वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले. तेथून ते बाहेर गेले आणि थोड्याच दिवसांत प्राचार्यांच्या टेबलावर दोन निवेदने आली. हा घटक अभ्यासक्रमातून काढून टाकावा, अशी पहिल्या निवेदनाची मागणी होती. दुसऱ्या निवेदनात, शाहू महाराजांच्या गावात विज्ञान आणि सत्य यांना नाकारणारा विचार चिकित्सेविना का शिकवला जातो, याचा खुलासा मागितला होता. पुढे जाहीर चर्चा झाली, वर्तमानपत्रांत पत्रे आली आणि अखेर महाविद्यालयाने एक लहान समिती नेमली. त्या समितीत मी बाहेरचा सदस्य म्हणून होतो. व्यक्तींची आणि संस्थांची नावे येथे गाळली आहेत, कारण या लेखाचा विषय त्यांचे युक्तिवाद हा आहे.

टिपणाच्या त्या पानावर चार वाक्ये ठळक अक्षरांत होती. ‘लेखक मेला आहे, अर्थ वाचक ठरवतो.’ ‘संहितेबाहेर काहीही नाही.’ ‘महाकथनांचा अंत झाला आहे.’ ‘सत्य हे सत्तेने रचलेले असते.’ प्रत्येक वाक्यापुढे एका फ्रेंच विचारवंताचे नाव होते आणि तिसऱ्या वाक्याखाली, महाकथनांची म्हणजे सगळ्याला अर्थ देऊ पाहणाऱ्या मोठ्या कथांची उदाहरणे म्हणून ‘राष्ट्र, धर्म, विज्ञान, क्रांती’ असे चार शब्द लिहिलेले होते. वाद पेटला तो मुख्यतः या चार शब्दांमुळे. राष्ट्र आणि धर्म संपले असे मुलांना सांगितले जाते, हे एका बाजूला असह्य झाले. विज्ञान हीदेखील एक कथाच आहे असे सांगितले जाते, हे दुसऱ्या बाजूला.

दसरा चौकाजवळच्या एका सभागृहात झालेली जाहीर चर्चा या प्रकरणाचा गाभा आहे. पहिल्या निवेदनाच्या बाजूने बोलणाऱ्या तरुण कार्यकर्त्याने उत्तर-आधुनिकता ही कुटुंब, परंपरा आणि राष्ट्र पोखरण्यासाठी पाश्चात्त्य विद्यापीठांतून आणलेली विचारसरणी आहे, अशी मांडणी केली आणि दिल्ली विद्यापीठाने असा मजकूर पूर्वीच काढून टाकला आहे, याकडे लक्ष वेधले. दुसऱ्या बाजूने अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आयुष्य घालवलेले एक ज्येष्ठ कार्यकर्ते बोलले. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर याच शहरात १६ फेब्रुवारी २०१५ रोजी गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले, याची आठवण देऊन त्यांनी विचारले की, पुराव्याने बोलणाऱ्या माणसाला जेथे जीव गमवावा लागला, तेथे पुराव्याला अर्थच नसतो असे आपण मुलांना शिकवणार आहोत काय? सभागृह बराच वेळ शांत होते. त्यानंतर प्राचीन भारतीय ज्ञानपरंपरेवर व्याख्याने देणारे एक वक्ते उभे राहिले. त्यांना पहिल्या बाजूनेच बोलावले होते. त्यांनी मात्र उत्तर-आधुनिकतेचे स्वागत केले. तिने पाश्चात्त्य विज्ञानाची मक्तेदारी मोडली, सर्व ज्ञानपद्धती सारख्याच योग्यतेच्या आहेत हे सिद्ध केले, आणि म्हणून आमच्या परंपरेतील दावे प्रयोगशाळेत तपासण्याचा अधिकार आता कोणालाही उरलेला नाही, असे ते म्हणाले.

एकाच बाजूच्या दोन वक्त्यांपैकी एकाने ज्या विचाराला विष म्हटले, त्याच विचाराचा दुसऱ्याने आधार घेतला, आणि यात काही विसंगती आहे असे सभेत कोणीही म्हटले नाही. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच आहे. विरोध करणारे दोघे आणि पाठिंबा देणारा एक, असे तिघेही टिपणातील चार वाक्ये अक्षरशः खरी धरून बोलत होते. त्या वाक्यांमागे कोणता युक्तिवाद आहे, ती कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहिली गेली, हे तिघांपैकी कोणीच विचारले नाही. टिपण बनवणाऱ्यांनीही ते पूर्वी विचारलेले नव्हते.

‘संहितेबाहेर काहीही नाही’ हे वाक्य दोन्ही निवेदनांत उद्धृत केले होते आणि दोन्हींत त्याचा अर्थ असा घेतला होता की, बाहेरचे जग, घडलेल्या घटना, हाडामांसाची माणसे ही सगळी शब्दांची निर्मिती आहे. जाक देरिदा यांच्या ज्या ग्रंथात हे वाक्य आहे, तो १९६७ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला आणि गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९७६ साली तो इंग्रजीत आणला. वाक्य येते ते अठराव्या शतकातला विचारवंत रूसो याच्या आत्मकथनाचे वाचन कसे करावे, या चर्चेत. रूसोच्या आयुष्यातील खऱ्या घटना आणि खरी माणसे हाताशी धरून त्याच्या लेखनाचा अर्थ कायमचा निश्चित करता येईल का, असा तेथे प्रश्न आहे. देरिदांचे उत्तर असे की, त्या घटनांपर्यंत आणि माणसांपर्यंत आपण पुन्हा लेखनातून, खुणांतून, संदर्भांतूनच पोहोचतो. वाचनाचे काम संपवून टाकणारी जागा कोठेही मिळत नाही. १९८८ साली त्यांनी या वाक्याचा स्वतःच खुलासा केला. त्याचा अर्थ ‘संदर्भाबाहेर काही नाही’ इतकाच आहे, आणि सत्य मानत नाही, सगळे सापेक्ष समजतो, असे आपले जे चित्र रंगवले जाते ते खोटे आहे, असे त्यांनी स्पष्ट लिहिले.

हा खुलासा थोड्याफार अभ्यासकांना ठाऊक असतो. त्याहून कमी लक्षात घेतली जाते ती त्याच वाक्याच्या जवळपासची एक गोष्ट. संहितेचा रूढ अर्थ आधी नीट लावणे, तिची भाषा, तिचा काळ, लेखकाचा हेतू यांचा आदर करणे, हे जुन्या समीक्षेचे कष्टाचे काम देरिदा तेथे आवश्यक कठडा मानतात. तो कठडा नसेल तर समीक्षा कोणत्याही दिशेला वाहत जाईल आणि जवळजवळ काहीही म्हणण्याची मुभा स्वतःला देईल, असा इशारा ते देतात. कठड्याने वाचनाचे रक्षण होते, पण त्याने वाचन सुरू होत नाही, हा त्यांच्या म्हणण्याचा पुढचा भाग. ज्या विचारवंताच्या नावावर ‘वाटेल तो अर्थ काढा’ हा दोष येतो, त्याने तो धोका त्याच ठिकाणी ओळखून ठेवलेला आहे. समितीच्या पहिल्या बैठकीत हा उतारा मोठ्याने वाचला, तेव्हा विभागातील तासिका तत्त्वावरच्या एका तरुण प्राध्यापिकेने आपण हे पान प्रथमच ऐकत असल्याचे सांगितले. त्यांनी सेट परीक्षेसाठी, म्हणजे प्राध्यापकपदाच्या राज्यस्तरीय पात्रता परीक्षेसाठी, हा विषय तयार केला होता, आणि त्या परीक्षेला हे पान लागत नाही.

लेखकाच्या मृत्यूचे प्रकरण तुलनेने सोपे आहे, पण कोल्हापुरात त्याला वेगळी धार आली. टिपणात उदाहरण म्हणून वि. स. खांडेकरांची ‘ययाति’ घेतलेली होती, आणि खांडेकर हे या गावाचे लेखक आहेत. १९३८पासून त्यांचे वास्तव्य येथे होते, आणि ‘ययाति’साठी १९७४चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला, तो मराठीला मिळालेला पहिला ज्ञानपीठ. त्यामुळे वर्तमानपत्रातल्या एका पत्रात ‘खांडेकरांना मृत घोषित करून त्यांच्या संस्कारांना तिलांजली’ अशा अर्थाचा मजकूर आला, आणि तो लिहिणाऱ्याची व्यथा खरी होती. रोलाँ बार्थ यांचा निबंध १९६७ साली आधी इंग्रजीत व पुढच्या वर्षी फ्रेंचमध्ये आला. फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकच्या एका कथेतील स्त्रीविषयक वाक्य घेऊन बार्थ विचारतात की, हे कोण बोलते आहे : कथेतले पात्र, बाल्झाक नावाचा माणूस, लेखक म्हणून बाल्झाक, की त्या काळाची समजूत? याचे खात्रीचे उत्तर मिळत नाही, म्हणून लेखकाचे चरित्र हे अर्थाच्या दाराला लावलेले शेवटचे कुलूप समजू नये, असे ते सुचवतात.

हाच प्रश्न ‘ययाति’ला विचारून पाहावा. कादंबरीमागची आपली भूमिका खांडेकरांनी सविस्तर लिहून ठेवली आहे. ययातीमध्ये त्यांना सुखाच्या मागे धावणारा आजचा सामान्य माणूस दिसत होता. परंतु त्यांनी कादंबरी मात्र ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा या तिघांच्या तोंडून सांगितली. त्यामुळे शर्मिष्ठेच्या निवेदनातून दासीपणाचा, जन्माचा आणि मानाचा जो प्रश्न उभा राहतो, तो लेखकाच्या जाहीर भूमिकेत मावत नाही. वाचकाने तो वाचला, तर खांडेकरांचा अवमान होत नाही. त्यांच्या रचनेनेच ती वाट मोकळी ठेवली आहे. १९५९ची ही कादंबरी उत्तर-आधुनिक म्हणता येणार नाही, आणि म्हणताही कामा नये. एखाद्या सिद्धान्ताचा उपयोग जुन्या कलाकृतीवर करणे वेगळे आणि त्या कलाकृतीला त्या सिद्धान्ताचे लेबल लावणे वेगळे, हा फरक टिपणात नव्हता.

महाकथनांच्या अंताविषयीचा गैरसमज मला सर्वांत खेदजनक वाटतो, कारण तो ज्या पुस्तकाविषयी आहे ते पुस्तक विद्यापीठांविषयीच आहे. झाँ-फ्राँस्वा ल्योतार यांचे १९७९चे लेखन हा मुळात एक अहवाल होता. कॅनडातील क्यूबेक प्रांताच्या सरकारच्या विद्यापीठ परिषदेसाठी, अत्यंत विकसित समाजांत ज्ञानाची स्थिती काय आहे, या विषयावर तो लिहिला गेला. त्यात ल्योतार म्हणतात की, अगदी टोकाचे सोपे करून सांगायचे तर महाकथनांविषयीचा अविश्वास म्हणजे उत्तर-आधुनिकता. सोपे करतो आहोत, असे त्यांनीच बजावले आहे, आणि ‘अंत’ हा शब्द तेथे नाही. अविश्वास कशावर, तर ज्ञानाला आपले समर्थन ज्या मोठ्या कथांतून मिळत होते त्यांवर : ज्ञान मानवाला मुक्त करते ही एक कथा, सर्व विद्या मिळून एक अखंड सत्य घडवतात ही जर्मन विद्यापीठांच्या परंपरेतली दुसरी. या कथांवरचा विश्वास ओसरल्यावर विद्यापीठ कशाच्या बळावर उभे राहणार, हा अहवालाचा खरा प्रश्न आहे.

त्यावरचे त्यांचे निरीक्षण आज वाचताना अंगावर येते. ज्ञान विकण्यासाठी निर्माण होईल आणि विकत घेतले जाईल, असे त्यांनी लिहिले. विद्यार्थी, राज्यसंस्था आणि विद्यापीठे यांचा प्रश्न ‘हे खरे आहे का?’ असा न राहता ‘याचा उपयोग काय?’, ‘हे विकले जाईल का?’, ‘हे कार्यक्षम आहे का?’ असा होईल, हेही त्यांनी लिहिले. कोल्हापुरातल्या कोणत्याही कला महाविद्यालयात प्रवेशाच्या दिवसांत बसून पाहावे. मराठी विषय घेऊ इच्छिणाऱ्या मुलीला पालक, शेजारी आणि कधी कधी प्रवेश समितीसुद्धा हेच तीन प्रश्न विचारतात. वाद झाला त्या विभागात मंजूर पदांपैकी काही रिकामी होती आणि बराचसा भार तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांवर होता. ल्योतार यांच्या पुस्तकाचा निषेध करणाऱ्या सभेत आणि त्याचा बचाव करणाऱ्या पत्रांत या परिस्थितीचा उल्लेख एकदाही झाला नाही. ज्या वर्णनाच्या आधारे दोन्ही बाजूंना आपल्या महाविद्यालयाकडे पाहता आले असते, ते वर्णन एका चुकीच्या ओळीखाली झाकले गेले.

ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या मांडणीला वेगळे उत्तर द्यावे लागते, कारण त्यांची भीती निराधार नव्हती. सर्व ज्ञानपद्धती सारख्याच, म्हणून तपासणी नको, असे सांगणारा वक्ता त्यांच्यानंतर त्याच व्यासपीठावर उभा राहिला. विज्ञानाच्या वस्तुनिष्ठतेवर विद्यापीठीय क्षेत्रात झालेल्या टीकेचा लाभ धार्मिक पुनरुज्जीवनवाद्यांना होतो, हा युक्तिवाद मीरा नंदा यांनी २००३च्या आपल्या ग्रंथात भारताच्या संदर्भात विस्ताराने केलेला आहे आणि तो गांभीर्याने घ्यावा असाच आहे. मात्र कार्यकर्त्यांनी ज्या सोकल प्रकरणाचा हवाला दिला, त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष निघत नाही. ॲलन सोकल या भौतिकशास्त्रज्ञाने १९९६ साली ‘सोशल टेक्स्ट’ या अमेरिकी नियतकालिकात मुद्दाम निरर्थक विधानांनी भरलेला लेख छापून आणला आणि नंतर ती बनावट उघड केली. सोकल स्वतःला डाव्या विचारांचे मानत होते आणि डाव्यांनी तर्क व पुरावा सोडू नये, ही त्यांची कळकळ होती. त्या नियतकालिकाने तेव्हा लेख बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासून घेतलेला नव्हता. केवळ लेख छापला गेला यावरून फार काही सिद्ध होत नाही, असे सोकल यांनी स्वतः पुढे लिहिले. झाँ ब्रिकमाँ यांच्यासह १९९७ साली केलेल्या पुस्तकात विज्ञानातील संकल्पनांचा गैरवापर करणाऱ्यांची त्यांनी झडती घेतली, पण देरिदांच्या लेखनात असा गैरवापर पद्धतशीरपणे आढळत नाही म्हणून त्यांना त्यातून वगळले. हे प्रकरण विशिष्ट लेखकांच्या विशिष्ट बेजबाबदारपणाचा पुरावा आहे, आणि तेवढे पुरेसे आहे.

पानसऱ्यांचेच उदाहरण येथे उपयोगी पडते. ‘शिवाजी कोण होता?’ ही त्यांची पुस्तिका १९८८ साली आली. महाराजांची प्रचलित प्रतिमा कोणी, कशासाठी घडवली, हा प्रश्न तिच्यात आहे, आणि त्या प्रश्नाचे उत्तर पुराव्यांनी दिलेले आहे. प्रतिमा घडवलेली असते असे म्हणणे आणि घटना घडलीच नाही असे म्हणणे, यांतले अंतर या शहरातल्या वाचकांनी फ्रेंच नावे ऐकण्यापूर्वीच ओळखलेले होते. चौथ्या वाक्यात, म्हणजे मिशेल फुको यांच्या नावावर घातलेल्या सूत्रात, हेच अंतर बुजवले गेले. वेडेपणा, तुरुंग, रुग्णालय यांविषयीचे ज्ञान कोणत्या व्यवस्थेत तयार झाले आणि त्याने माणसांवर काय परिणाम केले, हे फुको तपासत होते. ते ज्ञान म्हणजे सत्ताधाऱ्यांची थाप आहे, असे त्यांचे म्हणणे नव्हते.

याच कारणाने परकेपणाचा आक्षेपही टिकत नाही. कोणती संहिता कोणी उच्चारायची आणि कोणासाठी उच्चारायची, हा प्रश्न कोल्हापुरात १८९९ साली पंचगंगेच्या घाटावर उभा राहिला. शाहू छत्रपतींसाठी पुरोहिताने वेदोक्त मंत्रांऐवजी, शूद्रांसाठीचे मानले गेलेले पुराणोक्त मंत्र म्हटले, आणि त्यातून जे वेदोक्त प्रकरण घडले त्याने महाराष्ट्राचे राजकारण पुढे कितीतरी वर्षे ढवळले. त्याही आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त बळीची कथा पराभूतांच्या बाजूने सांगितली होती. अवतारकथेमागे कोणाचे हित आहे, हे विचारायला त्यांना पॅरिसची वाट पाहावी लागली नाही. तरुण कार्यकर्त्याने सांगितलेले दिल्लीचे उदाहरणही असेच. २०११ साली तेथील विद्या परिषदेने बी. ए.च्या इतिहासाच्या अभ्यासक्रमातून ए. के. रामानुजन यांचा रामायणाच्या अनेक परंपरांविषयीचा निबंध वगळला, हे खरे आहे. परंतु तो निबंध वाल्मीकी, कंबन, जैन परंपरा, थायलंडची परंपरा आणि दक्षिणेतील मौखिक कथा यांची तुलना करणारे भाषाभ्यासकाचे आणि लोकसाहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे. त्यात उत्तर-आधुनिकतेचे काही नाही. ज्या भाषेत मोरोपंतांच्या अष्टोत्तरशत रामायणांचा अभिमानाने उल्लेख होतो, त्या भाषेच्या वाचकांना रामकथेचे अनेकत्व परके वाटू नये.

समितीने टिपणाचा माग काढला तेव्हा आढळले की, चारही वाक्ये बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकांतून आली होती आणि परीक्षेतील ‘टीपा लिहा’ या प्रश्नासाठी नेमकी बेतलेली होती. पाच गुणांच्या टिपेत युक्तिवादाला जागा नसते. एक व्याख्या, एक नाव आणि दोन वैशिष्ट्ये लिहिली की गुण मिळतात. राजकीय वादात सिद्धान्ताचे जे विद्रूप रूप वापरले गेले ते राजकारण्यांनी तयार केले, अशी विभागाची सुरुवातीची भूमिका होती आणि ती मला मान्य झाली नाही. ते रूप वर्गात, फळ्यावर आणि उत्तरपत्रिकांत आधीच तयार होते. बाहेरच्यांनी ते जसेच्या तसे उचलले. म्हणून विरोधकांना ‘तुम्ही मूळ ग्रंथ वाचले नाहीत’ असे सुनावण्याचा अधिकार, हे टिपण वाटणाऱ्या विभागाला नाही, असे मी अहवालात नोंदवले. अभ्यासक्रम ठरवण्याचे काम अभ्यास मंडळाचे आणि विद्या परिषदेचे आहे, निवेदनांचे नाही, हेही त्याच अहवालात नोंदवले, आणि यावर समितीत एकमत होते.

घटक वगळू नये, टिपण मागे घ्यावे, चार विचारवंतांऐवजी दोघांचेच मूळ उतारे मराठी अनुवादातून वर्गात ओळीने वाचावेत आणि त्यासाठी तासिका वाढवाव्यात, अशा आमच्या शिफारशी होत्या. पहिल्या तीन स्वीकारल्या गेल्या. तासिका वाढल्या नाहीत. विभागाने दोन्ही निवेदनकर्त्यांना या वाचनाला बोलावले. ज्येष्ठ कार्यकर्ते आले, देरिदांचा कठड्याचा उतारा त्यांनी दोनदा वाचून घेतला, आणि तरीही या लेखनाची दुर्बोधता सामान्य माणसाला तर्कापासून दूर नेते, हे आपले मत त्यांनी विद्यार्थ्यांसमोर मांडले. त्यावर झालेली चर्चा सभागृहातल्या चर्चेपेक्षा कितीतरी चांगली होती. पहिल्या निवेदनाच्या बाजूने कोणी आले नाही आणि ते निवेदन मागेही घेतलेले नाही. प्रश्नपत्रिका सर्व संलग्न महाविद्यालयांसाठी एकच निघत असल्यामुळे ‘टीपा लिहा’ हा प्रश्न बदलणे या विभागाच्या हातात नाही. त्याऐवजी एक अपरिचित उतारा देऊन त्याचे वाचन करायला सांगावे, असा प्रस्ताव विभागाने अभ्यास मंडळाकडे पाठवला असून त्यावर निर्णय व्हायचा आहे.